ड्युटीवर जायच्या आधी : छकुलीच्या वरच्या दुधाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

१७ फेब्रुवारीला डेपोत हजर व्हायचं आहे. बाळंतपणाची रजा कधीच संपली, आता साठवलेली अर्जित रजाही संपत आली. तोवर छकुली साडेआठ महिन्यांची होईल. मी एसटीत वाहक आहे. पुन्हा कराड-स्वारगेट लागली, तर घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत दहा-अकरा तास सहज जातात. चालत्या गाडीत तिकिटं फाडता फाडता दूध काढता येत नाही. स्वारगेटला थोडा वेळ मिळतो, पण तिथे काढलेलं दूध बर्फाशिवाय पिशवीत ठेवून संध्याकाळी घरी आणायचं म्हणजे धोका. खोलीच्या तापमानाला अंगावरचं दूध चारेक तास टिकतं, तेही हवा थंड असेल तर. गाडीत इंजिनाशेजारी ते होणं नाही.

म्हणून ठरवलं, की दिवसाचं दूध पावडरचं. पहाटेचं आणि रात्रीचं अंगावरचं जमेल तितके दिवस ठेवायचं.

आज बाळाच्या डॉक्टर मॅडमना भेटून आले. छकुली सध्या सहा वेळा पिते: पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी दीड, पाच वाजता, रात्री नऊ आणि मध्यरात्री एकदा. सहा महिन्यांची झाल्यावर उष्टावण झालं, तेव्हापासून खिमट, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं चालू आहे. मॅडम म्हणाल्या, एका वेळी एकच पाजणं बदलायचं. मग निदान चार-पाच दिवस, जमल्यास आठवडा थांबायचं. छातीला जेवढी मागणी तेवढं दूध बनतं. मागणी अचानक बंद केली, तर दूध मात्र बनत राहतं, दाटतं, गाठी होतात. सुरुवात दुपारच्या वेळेपासून करायची, कारण तेव्हा छाती कमी भरलेली असते आणि बाळालाही त्या पाजण्याची ओढ कमी असते. पहाटेचं आणि झोपतानाचं सगळ्यात शेवटी.

ह्यांनी विचारलं, मिल्क बँकेतून आईचं दूध मिळेल का. मॅडमनी नीट समजावलं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दूध बँक सुरू केली, तेव्हापासून ते दूध मुख्यतः कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या, अतिदक्षता विभागातल्या बाळांसाठी असतं. आमची छकुली साडेसात किलोची, खाती-पिती. तिने त्या बाळांच्या वाट्याचं का घ्यावं? मला ते पटलं.

६ जानेवारी

मेडिकलमधून ४०० ग्रॅमचा डबा आणला. सहा महिन्यांनंतरच्या बाळांसाठीचा, ज्याला दुकानदार दोन नंबर म्हणतात तो. डब्यावर बाळाचं चित्र नाही, आईचं दूध सर्वोत्तम अशी सूचना मात्र ठळक. भारतात १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या बाळांचं पावडर दूध, बाटल्या आणि बाळांचा तयार आहार यांची जाहिरात करायला बंदी आहे. डब्यावर गोंडस बाळ छापायचं नाही, दवाखान्यात फुकट नमुने वाटायचे नाहीत. हा कायदा फार मोलाचा आहे असं मला मनापासून वाटतं. जिथे स्वच्छ पाणी नाही, डबा परवडत नाही म्हणून पावडर पातळ करून पाजली जाते, तिथे या दुधाने बाळं आजारी पडतात.

पण मेडिकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या बाई माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाल्या, "दूध येत नाही का गं तुला?" येतं. भरपूर येतं. सहा महिने छकुलीला माझ्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही दिला नव्हता. कायदा कंपन्यांना आवरण्यासाठी आहे. डबा घेणाऱ्या आईला दुकानात उभं करून जाब विचारण्यासाठी नाही.

८ जानेवारी

आज फक्त रंगीत तालीम. छकुलीला काही दिलं नाही. आई (माझ्या सासूबाई) आणि मी स्वयंपाकघरात बसून दूध बनवून पाहिलं, कारण मी ड्युटीवर असताना बनवणार त्याच आहेत.

मॅडमनी सांगितलेली गोष्ट दोघींनाही नवी होती: पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असला तरी त्यात क्वचित जंतू असू शकतात. म्हणून पाणी चांगलं खळखळून उकळायचं, गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांखाली उतरण्याआधी, पावडर घालायची आणि मग भांडं गार पाण्याच्या पातेल्यात धरून दूध कोमट करायचं. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. उलट केलं तर माप चुकतं. आमच्या डब्याचं माप ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं आहे. म्हणजे १२० मिलीला चार.

सपाट म्हणजे सपाट. आईंनी पहिला चमचा शीग लावून भरला. तांदूळ मोजताना त्यांचा हात असाच चालतो, पाहुण्यांच्या घासात कमी पडू नये म्हणून. मी सुरीच्या पाठीने वरची शीग परत डब्यात लोटली. त्या म्हणाल्या, "अगं, जरा दाट असलं तर अंगी लागेल." दाट दूध बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण देतं, पोट घट्ट करतं आणि तहान वाढवतं. पातळ केलं तर पोट भरल्यासारखं दिसतं, पण वजन वाढत नाही. आई, तुमच्या हाताच्या अंदाजावर या घरातली चार मुलं वाढली, पण हे तेवढं सुरीनेच मोजा, असं म्हणाले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दुसरा चमचा त्यांनी इतका काळजीपूर्वक सपाट केला, की पावडरचा कणही खाली सांडला नाही.

मग शेजारच्यांच्या गाईच्या दुधाचा विषय निघाला. आमचे हे गाईच्या दुधात पाणी घालून वाढले. मॅडमचं मत स्पष्ट आहे: वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून गाईचं किंवा म्हशीचं नको. त्यात लोह अगदी कमी असतं, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मानाने जास्त. आईंनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते कळलं नाही, पण शब्द दिला.

९ जानेवारी

पहिला दिवस. सकाळी दहाची वेळ मुद्दाम निवडली, दुपारची नाही, कारण नवीन काही पोटात गेल्यावर दिवसभर लक्ष ठेवता यायला हवं. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, सारखी उलटी, शीमध्ये रक्त यातलं काही दिसलं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

पावडरचं दूध आधी पूर्ण मापाने पाण्यात बनवलं. मग त्यातलं २० मिली माझ्या काढलेल्या ६० मिली दुधात मिसळलं. पाण्याऐवजी अंगावरच्या दुधात पावडर कालवायची नाही, त्याने ते फार दाट होतं. हे मॅडमनी दोनदा बजावलं होतं.

आईंनी माळ्यावरून बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं, काढलं होतं. चांदीचं, चोचीला थोडे पोचे पडलेलं. रात्री उकळत्या पाण्यात ठेवून घासून घेतलं. छकुलीने चोच हाताने धरून चावायला घेतली. थोडं गेलं, बरंचसं लाळेऱ्यावर. अंगावर पुरळ वगैरे काही नाही. उरलेलं ओतून दिलं. दोन तासांनंतर बनवलेलं दूध ठेवायचं नाही, आणि बाळाच्या तोंडचं उष्टं तर अजिबात नाही.

११ जानेवारी

अर्धं-अर्धं. पिते आहे.

१३ जानेवारी

पूर्ण पावडरचं. वास घेतला आणि तोंड फिरवलं. माझ्या मांडीवर असताना ती माझ्याच अंगाचा वास घेते, तिला समोर दुसरं कशाला हवं? ह्यांनी तिला खिडकीत नेलं आणि मी मागच्या दाराने बाहेर पडले, चौकातल्या रसवंतीपर्यंत जाऊन आले. परत आले तोवर फुलपात्रातून पाऊण दूध संपलं होतं. बोंडलं नको, बाटली तर आम्ही आणलीच नाही. छोटं स्टीलचं फुलपात्र तिरकं धरलं की ती ओठ लावून स्वतः ओढते. मॅडमही वाटी-चमचा किंवा पेलाच सांगतात, बाटलीची बुचं नीट धुतली जात नाहीत म्हणून. सात महिन्यांच्या पुढच्या बाळाला पेला जमतो हे मला माहीतच नव्हतं.

आता दुपारी दीडची वेळ धरायची. सकाळी दहाला ती परत माझी.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ वाटला. आजपासून दीडचं पाजणं पूर्ण पावडरचं, फुलपात्रातून, आईंच्या मांडीवर. १२० मिली. मी त्या वेळी गच्चीवर.

१९ जानेवारी

बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट. बोरं आणि चुरमुरे डोक्यावरून ओतले, आणि खाली सांडलेलं एकूण एक आधी केरसुणीने दूर केलं, मग तिला खाली बसवलं. घशात अडकण्यासारखं सगळंच.

बायका जमल्या की विषय निघतोच. एक मावशी म्हणाल्या, अंगावरचं तोडायचं तर एकदाच तोडावं, छातीला कडुनिंब लावावा, दोन दिवस रडेल आणि विसरेल. दुसऱ्या म्हणाल्या, छाती करकचून बांध. आमच्या आईंनीच उत्तर दिलं, "आमच्या घरी एकेक वेळ कमी करतोय. पोरीलाही सोसवतं, हिलाही." मला इतकं बरं वाटलं, की स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्यासाठी पहिला चहा मी ओतला.

बांधण्याबद्दल मॅडमना आधीच विचारलं होतं. घट्ट बांधल्याने दूध आटत नाही, उलट आतल्या नळ्या दाबल्या जाऊन गाठी होतात. आधार देणारी, न काचणारी ब्रा पुरे. दूध आटवायच्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने कधीच घ्यायच्या नाहीत. कुणीतरी मोगऱ्याची फुलं छातीवर बांधायचा उपायही सांगितला. तो दक्षिणेत जुना आहे, आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी तो तपासून १९८८ साली त्यावर लिहिलंही आहे, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांवर पाहून. पण मला दूध आटवायचं नाही, कमी करायचं आहे. आणि पौषात मोगरा फुलतही नाही.

२२ जानेवारी

पाचची वेळ बदलली. दोन वेळा सलग माझ्याकडून गेल्या, म्हणजे सकाळी दहा ते रात्री नऊ छाती तशीच. साडेसातला दगडासारखी झाली. वाटीत थोडं दूध हाताने काढलं, ताण उतरेपर्यंतच. रिकामी करायची नाही. रिकामी केली की शरीराला वाटतं अजून हवं आहे.

२४ जानेवारी

उजव्या बाजूला, काखेकडे, लिंबाएवढी गाठ. हात लावला तरी कळ येते. ताप नाही. आई शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. मॅडमना फोन केला. त्यांनी गार शेक सांगितला, सूज उतरायला. जोरात चोळायचं नाही, दाबून गाठ फोडायचा प्रयत्न तर नाहीच. छकुलीला नेहमीच्या वेळी त्या बाजूने पाजायचं, हे दूध तिला चालतं. दुखण्याची गोळी त्यांनी सांगितली तीच. अंगात थंडी भरून ताप आला, कातडी लाल होऊन पट्टा पसरला किंवा २४ तासांत उतार पडला नाही तर लगेच या, कारण मग ते जंतुसंसर्गाकडे जातं आणि प्रतिजैविकं लागतात.

रुमालात बर्फ गुंडाळून धरला. रात्री नऊला छकुलीला आधी उजवीकडे घेतलं. तिची हनुवटी गाठीच्या दिशेने येईल अशी आडवी धरली.

२५ जानेवारी

गाठ निम्म्यावर. पाचची वेळ पुन्हा तीन-चार दिवस माझ्याकडे. वेळापत्रक मागे गेलं तरी चालेल. १७ तारीख डेपोची आहे, माझ्या छातीची नाही.

२८ जानेवारी

गाठ गेली. पाचचं पाजणं परत पावडरचं.

शी बदलली आहे. आधी पिवळी, पातळ, जवळजवळ बिनवासाची. आता घट्टसर, हिरवट-तपकिरी, वास उग्र, आणि रोज होईलच असं नाही. मऊ आहे तोवर काळजी नाही. खडा झाला किंवा कुंथून रडायला लागली तर सांगायचं. जेवणाबरोबर दोन-चार चमचे उकळून गार केलेलं पाणी देते आहे.

आशाताई आल्या होत्या. सहा महिन्यांनंतर बाळाला आठवड्यातून दोनदा जे लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमात मिळतं, ते चालू ठेवायचं का हे विचारलं, कारण पावडरमध्येही लोह घातलेलं असतं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना डबा दाखवूनच ठरवा. मॅडमनी डब्यावरचं प्रमाण वाचलं आणि चालू ठेवायला सांगितलं.

खर्च लिहून ठेवते: दिवसाला तीन वेळा १२० मिली धरलं तर ४०० ग्रॅमचा डबा साधारण आठवडा पुरतो. ह्यांनी महिन्याच्या किराण्यातच चार डबे धरले.

२ फेब्रुवारी

आज सकाळी दहाची वेळही बदलली. उरलं पहाटेचं, रात्री नऊचं आणि मध्यरात्रीचं.

कारण नसताना दुपारभर रडू येत होतं. छकुली आईंच्या मांडीवर फुलपात्र दोन्ही हातांनी धरून मजेत पीत होती, आणि मी कपड्यांच्या घड्या घालताना एक झबलं हातात धरून बसले. मॅडम म्हणाल्या होत्या, पाजणं कमी होतं तशी शरीरातली काही संप्रेरकं उतरतात, मन उदास होऊ शकतं. सावकाश कमी केलं तर उतारही सावकाश. दोन-तीन आठवडे गेले तरी हटलं नाही, झोप-जेवण गेलं, तर बोलायचं. आईंना सांगितलं. त्यांनी झबलं हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "रात्री ती तुझीच आहे." मग घड्या त्यांनीच घातल्या.

४ फेब्रुवारी

रथसप्तमी. अंगणात दूध उतू घातलं.

डेपोत जाऊन कागद दिले. स्टँडवर हिरकणी कक्षात जरा बसून आले. राज्यभरच्या स्टँडवर एसटीने बाळांना पाजायला हे कक्ष केले, रायगडाखालच्या गवळणीच्या नावाने. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून रात्री कडा उतरून तान्ह्या बाळाकडे गेलेली हिरकणी आपल्याला शाळेपासून माहीत असते, आणि तिच्या धाडसाचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्या बाकावर बसल्यावर मात्र मला वाटलं, मधे वाट असती तर तिला कडा उतरावा लागला नसता. हा कक्ष ती वाट आहे. मी बाळाशिवाय येणार, तरी छाती दाटली तर दार लावून दोन मिनिटं हाताने दूध काढायला हीच जागा उपयोगी पडणार.

९ फेब्रुवारी

सराव दिवस. पहाटे सहाला पाजून मी सातला घरातून निघाले, थोरल्या जावेकडे ओगलेवाडीला गेले, संध्याकाळी सातला परतले. दुपारी अडीचला तिचं बाळ रडलं आणि माझा ब्लाउज भिजला. आत सुती घडी ठेवली होती म्हणून निभावलं. ड्युटीच्या पिशवीत अशा चार-पाच घड्या आणि एक जादा ब्लाउज ठेवायचा, खाकी जाकिटाच्या आत.

घरी सगळं नीट. दहाला १२०, दीडला ९० आणि वाटीभर खिमट, पाचला १२०. आईंनी वहीत स्वतः लिहून ठेवलं होतं, वेळेसकट.

१२ फेब्रुवारी

पाळी आली, बाळंतपणानंतर पहिली. पाजणं कमी झालं की येते असं मॅडम म्हणाल्याच होत्या. दिवस राहू नयेत म्हणून अंगावर पाजण्याचा भरवसा सहा महिन्यांनंतर तसाही धरायचा नसतो, तांबी बसवायची तारीख घेतली.

१६ फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद लावला. आईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं अक्षर:

हात साबणाने. फुलपात्र, चमचा कुकरमध्ये उकळलेले. पाणी खळखळून उकळून, अर्ध्या तासाच्या आत. आधी १२० पाणी, मग चार सपाट चमचे. गार पाण्यात धरून कोमट, थेंब मनगटावर घालून बघणे. दोन तासांनी उरलेलं ओतणे. उष्टं लगेच ओतणे. मान फिरवली की थांबणे, संपवायची सक्ती नाही. मध वर्ष होईपर्यंत नाही.

शेवटची ओळ आईंनी लिहायला लावली, त्यांच्या बहिणीने परवा बोटाने मध चाटवायला काढला होता म्हणून.

डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहिली. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, ओल लागते. कोरड्या फडताळात.

१७ फेब्रुवारी

पहिली ड्युटी. पहाटे साडेचारला उठवून पाजलं, ती डोळे न उघडताच प्यायली. स्वारगेटला पोचल्यावर छाती जड होती, दुखत नव्हती. तिथल्या कक्षात थोडं काढलं, तेवढ्याने परतीपर्यंत पुरलं. गाडी भरलेली होती, वेबिलचा, म्हणजे तिकिटांच्या नोंदीच्या कागदाचा, हिशेब जुळला.

वहीत आईंची नोंद: सकाळी १२०, दुपारी ६०, नको म्हणाली, पेज जास्त खाल्ली. पाचला १५० मागून घेतलं, पाच चमचे केले, सपाट.

रात्री नऊला मी अंघोळ करून बसेपर्यंत तिने माझ्या पदराला हात घातला होता.

२१ फेब्रुवारी

छाती आता दिवसभर हलकी राहते. स्वारगेटला काढायची गरज काल आणि आज पडली नाही. मध्यरात्रीचं पाजणं ती स्वतःच विसरत चालली आहे, दोनदा सरळ पहाटेपर्यंत झोपली. पहाटेचं आणि रात्री नऊचं मी बदलणार नाही. दोघींनाही जमतं आहे, दूधही पुरेसं येतं आहे, मग कशाला? मॅडमही म्हणाल्या, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही जमेल तेवढं चालू द्या.

उद्या वजन करायचं आहे. आणि डबा तळाला आलाय, संध्याकाळी येताना एक घ्यायचा.